युद्ध चालू, कर कमी, कर्ज वाढते: बुश यांच्या करकपातीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२७ मे २००३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी देशाची कर्जमर्यादा ९८४ अब्ज डॉलरने वाढवणाऱ्या विधेयकावर सही केली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आणखी एका विधेयकावर सही केली. ते होते करकपातीचे. इराकवरच्या चढाईला तेव्हा दहा आठवडे झाले होते आणि अफगाणिस्तानातल्या मोहिमेला दीड वर्ष उलटले होते. या तिन्ही गोष्टी एकाच सरकारने एकाच वेळी कशा केल्या, त्यामागे काय हिशेब होता आणि पुढे काय झाले, याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात त्यांची उत्तरे इथे दिली आहेत.

आकड्यांबद्दल एक सूचना. १ अब्ज म्हणजे १०० कोटी आणि १ लाख कोटी म्हणजे १,००० अब्ज. अमेरिकी सरकारचे आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपते, त्यामुळे खाली "आर्थिक वर्ष २००३" असे लिहिले असेल तर ते सप्टेंबर २००३ मध्ये संपलेले वर्ष समजावे.

नेमके कोणते कर कमी झाले?

मुख्य कायदे दोन. पहिला जून २००१ चा. त्याने प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर ३९.६ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ३५ टक्क्यांवर आणायचे ठरले, तळाला १० टक्क्यांचा नवा टप्पा आला, मुलांमागे मिळणारी करसवलत ५०० डॉलरवरून हळूहळू १,००० डॉलरवर जाणार होती आणि वारसा कर कमी होत होत २०१० मध्ये शून्यावर येणार होता. त्या उन्हाळ्यात लोकांच्या हाती धनादेशही पडले: एकट्या करदात्याला ३०० डॉलरपर्यंत, जोडप्याला ६०० डॉलरपर्यंत.

दुसरा कायदा मे २००३ चा. पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवलेली दरकपात त्याने लगेच लागू केली. शिवाय लाभांशावरचा आणि भांडवली नफ्यावरचा कर जास्तीत जास्त १५ टक्क्यांवर आणला. भांडवली नफ्यावर आधी २० टक्के होते. लाभांश मात्र साध्या उत्पन्नासारखा धरला जाई, म्हणजे श्रीमंत भागधारकाला त्यावर ३८.६ टक्के भरावे लागत. सर्वांत मोठी उडी इथे होती आणि तिचा लाभ कुणाला, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

पण २००१ चा कायदा तर ११ सप्टेंबरच्या आधीचा. त्याला युद्धकाळातली कपात का म्हणायचे?

रास्त हरकत आहे. जून २००१ मध्ये युद्ध नव्हते आणि तिजोरीत शिल्लक होती. आर्थिक वर्ष २००० मध्ये २३६ अब्ज डॉलरची शिल्लक पडली होती. जानेवारी २००१ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, अर्थसंकल्प कार्यालयाने पुढच्या दहा वर्षांत मिळून ५.६ लाख कोटी डॉलर शिल्लक राहील असा अंदाज दिला. त्याच महिन्यात फेडरल रिझर्व्हचे (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे) अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी सिनेटच्या (संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या) समितीपुढे सांगितले की शिल्लक अशीच वाढली तर सरकारचे कर्ज फिटून जाईल आणि मग जास्तीचा पैसा सरकारला खासगी मालमत्तेत गुंतवावा लागेल. त्यापेक्षा कर कमी केलेले बरे. कर्ज फार लवकर फिटेल ही चिंता! आज वाचताना डोळे चोळावे लागतात.

मात्र २००१ ची कपात एका दमात लागू झाली नव्हती. तिचे पुढचे टप्पे २००४ आणि २००६ मध्ये यायचे होते. हल्ला झाला, युद्ध सुरू झाले, शिल्लक आटली, तरी ते टप्पे थांबवता आले असते. आर्थिक वर्ष २००२ मध्ये १५८ अब्ज डॉलरची तूट आली तेव्हा तर कारणही हाताशी होते. थांबवणे राहिले बाजूला, २००३ च्या कायद्याने ते टप्पे अलीकडे ओढले. म्हणून पहिल्या कायद्याला युद्धाचा दोष लावू नये, पण दुसऱ्याला त्यातून सुटका नाही.

युद्ध आले की कर वाढवायचे, अशी अमेरिकेची खरोखर रीत होती का?

होती, आणि ती बरीच जुनी होती.

देशाचा पहिला प्राप्तिकर यादवी युद्धासाठी १८६१ मध्ये मंजूर झाला: ८०० डॉलरवरच्या उत्पन्नावर ३ टक्के. १८९८ मध्ये स्पेनशी लढाई झाली तेव्हा लांब पल्ल्याच्या दूरध्वनीवर कर बसला. त्या काळी दूरध्वनी ही श्रीमंतांची चैन होती. हा कर मध्ये रद्द झाला, पुन्हा आला, रूपे बदलत राहिला आणि न्यायालयांत हरल्यावर २००६ मध्ये सरकारने लांब पल्ल्याच्या संभाषणावर तो घेणे सोडले. म्हणजे एका युद्धासाठी जन्मलेला कर दुसऱ्या दोन युद्धांच्या ऐन मध्यावर गेला. इतिहासाला विनोदबुद्धी असते ती अशी.

पहिल्या महायुद्धात वरचा दर १५ टक्क्यांवरून एका वर्षात ६७ टक्क्यांवर आणि १९१८ मध्ये ७७ टक्क्यांवर गेला. दुसऱ्या महायुद्धात तो ९४ टक्क्यांपर्यंत पोचला. पण त्या युद्धातला मोठा बदल दरांचा नव्हता, संख्येचा होता. १९३९ मध्ये सुमारे ४० लाख लोक प्राप्तिकर भरत. १९४५ पर्यंत ते ४ कोटींच्या वर गेले. पगारातूनच कर कापून घ्यायची आजची पद्धत १९४३ ची. कारकून, गिरणी कामगार, शिक्षक, सगळे त्यात आले. तरीही कर्ज झालेच आणि १९४६ मध्ये ते देशाच्या वार्षिक उत्पन्नापेक्षा जास्त होते. तेव्हा "पूर्वी युद्धे कराच्या पैशावर लढली जात" असे कुणी सरसकट म्हणत असेल तर तेही खरे नाही. कर आणि कर्ज दोन्ही वाढत. कर मात्र खाली जात नसत.

कोरियाच्या युद्धात अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी जवळजवळ रोखीने भागवले. १९५० आणि १९५१ मध्ये लागोपाठ करवाढ झाली आणि कंपन्यांच्या जादा नफ्यावर वेगळा कर बसला. व्हिएतनामच्या वेळी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी टाळाटाळ केली. करवाढ मागितली तर काँग्रेस आपल्या समाजकल्याणाच्या योजनांवर कात्री चालवेल अशी त्यांना धास्ती होती. शेवटी जून १९६८ मध्ये प्राप्तिकरावर १० टक्के अधिभार आला, तोही खर्चकपातीच्या अटीवर. पुढच्या आर्थिक वर्षात थोडी शिल्लक पडली. त्यानंतरची शिल्लक पाहायला १९९८ उजाडावे लागले.

आणि बुश यांचे वडील, माजी अध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश? कुवेतसाठी वाळवंटात फौजा जमत असतानाच, १९९० मध्ये, त्यांनी काँग्रेसशी तडजोड करून वरचा दर २८ वरून ३१ टक्के केला. "नवे कर नाहीत" हे वचन मोडले म्हणून त्यांच्याच पक्षाने त्यांना माफ केले नाही आणि १९९२ ची निवडणूक ते हरले. त्या युद्धाच्या सुमारे ६१ अब्ज डॉलर खर्चापैकी ५० अब्जांहून अधिक रक्कम सौदी अरेबिया, कुवेत, जपान, जर्मनी वगैरे मित्रदेशांनी भरली, हे वेगळेच. मुलाने या प्रकरणातून धडा घेतला तो अर्थशास्त्राचा नव्हता, निवडणुकीचा होता, असे माझे मत आहे.

याला अपवाद एकही नाही?

एक ओढूनताणून सापडतो. मेक्सिकोशी युद्ध सुरू असताना जुलै १८४६ मध्ये आयात शुल्काचे दर उतरवले गेले. पण तो मुक्त व्यापाराचा निर्णय होता, व्यापार वाढल्याने शुल्काचे उत्पन्नही वाढले आणि प्राप्तिकर तेव्हा अस्तित्वातच नव्हता. २००३ ची तुलना त्याच्याशी लावणे म्हणजे बादरायण संबंध.

मग २००३ मध्ये हे काँग्रेसमध्ये मंजूर झाले तरी कसे?

जेमतेम झाले. बुश यांचा मूळ प्रस्ताव दहा वर्षांत ७२६ अब्ज डॉलरच्या कपातीचा होता. त्यांच्याच रिपब्लिकन पक्षातल्या काही सिनेटरांनी ३५० अब्जांच्या वर जायला नकार दिला. मग आकडा ३५० वर बसवला गेला, पण तोही युक्तीने: बऱ्याच सवलतींना लवकरची मुदत घातली. लाभांशाची सवलत कागदावर २००८ अखेर संपत होती. ती संपू द्यायची नाही हे सगळ्यांना ठाऊक होते. २००६ मध्ये ती वाढवलीही. सिनेटमध्ये मते ५०–५० पडली आणि उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या निर्णायक मताने विधेयक तरले. रिपब्लिकन जॉन मॅकेन यांनी २००१ आणि २००३ दोन्ही वेळा विरोधात मत दिले. २००६ च्या मुदतवाढीच्या बाजूने मात्र त्यांनी मत दिले.

प्रतिनिधिगृहातले (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहातले) रिपब्लिकन नेते टॉम डिले त्या मार्चमध्ये म्हणाले होते की युद्ध समोर असताना कर कमी करण्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही. हे वाक्य पुढे टीकाकारांनी इतके वापरले की ते थट्टेने बोलले असतील असे वाटावे. ते गंभीरपणेच बोलले होते.

आणखी एक कारण कमी चर्चिले जाते. करकपात किंवा नवी खर्चिक योजना आणायची तर तिची भरपाई कुठून करणार ते दाखवा, हा १९९० च्या तडजोडीतला नियम २००२ मध्ये संपला आणि काँग्रेसने त्याला मुदतवाढ दिली नाही. कुंपण आधी काढले, गुरे मग शिरली.

समर्थकांचे म्हणणे काय होते? त्यात काहीच दम नव्हता का?

होता. २००१ च्या मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत मंदी होती. ती कागदावर संपली तरी नोकऱ्या परतत नव्हत्या; जून २००३ मध्ये बेरोजगारी ६.३ टक्क्यांवर गेली. फेडरल रिझर्व्हने व्याजदर १ टक्क्यावर आणला होता. अशा वेळी करवाढ म्हणजे आजाऱ्याचे जेवण तोडणे, हा युक्तिवाद कुठलाही शहाणा अर्थतज्ज्ञ झिडकारणार नाही. शिवाय दुसऱ्या महायुद्धात देशाच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग संरक्षणावर जात होता, २००३ मध्ये ४ टक्क्यांच्या आत. टंचाई नव्हती, महागाईचा भडका नव्हता, पोलाद आणि रबर रेशनवर नव्हते. लोकांच्या हातचा पैसा काढून घेण्याची १९४२ सारखी निकड नव्हती, हे मान्य करायला हवे.

पण हा युक्तिवाद तात्पुरत्या सवलतीला लागू पडतो. त्या उन्हाळ्यात मुलांमागे ४०० डॉलरपर्यंतचे धनादेश घरी गेले, ते पैसे लगेच बाजारात आले असतील, ते ठीक. लाभांशावरचा कर कायमचा उतरवण्याचा मंदीशी संबंध कसा लावायचा? आणि सावरल्यावर, २००५ किंवा २००६ मध्ये, बेरोजगारी ५ टक्क्यांच्या आसपास आली तेव्हा तरी युद्धाच्या खर्चापुरता अधिभार लावता आला असता. तेव्हा तर मंदीची सबबही उरली नव्हती.

कर कमी केल्याने महसूल उलट वाढला, असे ऐकतो. खरे आहे का?

आकडेच बघा. केंद्र सरकारचा महसूल आर्थिक वर्ष २००० मध्ये २,०२५ अब्ज डॉलर होता. २००१ मध्ये १,९९१, २००२ मध्ये १,८५३, २००३ मध्ये १,७८२. सलग तीन वर्षे घट. २००० चा आकडा ओलांडायला २००५ उजाडले, तेही महागाई आणि लोकसंख्यावाढ न वजा करता. २००४ ते २००७ दरम्यान महसूल जोरात वाढला हे खरे आणि समर्थक नेमकी तेवढीच वर्षे दाखवतात. खड्ड्याच्या तळापासून मोजले की कुठलीही चढण उंच वाटते.

बुश यांच्याच आर्थिक सल्लागार मंडळाने फेब्रुवारी २००३ च्या अहवालात लिहिले होते की करकपातीने वाढ होते, पण गमावलेला सगळा महसूल भरून निघण्याइतकी होण्याची शक्यता कमी. व्यासपीठावर मात्र दुसरेच सांगितले जात होते.

कर्ज किती वाढले आणि त्यातला किती भाग या कपातीचा?

एकूण कर्ज सप्टेंबर २००१ अखेर ५.८ लाख कोटी डॉलर होते, सप्टेंबर २००८ अखेर १० लाख कोटी. वार्षिक तूट २००४ मध्ये ४१३ अब्जांवर गेली, २००७ मध्ये १६१ अब्जांपर्यंत उतरली आणि मग आर्थिक संकटाने सगळे गणित उलटेपालटे केले.

हे सगळे करकपातीच्या माथी मारणे चुकीचे ठरेल. शेअर बाजाराचा फुगा फुटल्याने भांडवली नफ्यावरचा कर आपोआप आटला होता. डिसेंबर २००३ मध्ये ज्येष्ठांच्या औषधांसाठी मोठी नवी योजना आली, तिच्यासाठीही पुरेसा नवा महसूल उभा केला नाही. मंजुरीच्या वेळचे अंदाज धरले तर २००१ ची कपात सुमारे १.३५ लाख कोटींची आणि २००३ ची ३५० अब्जांची. काँग्रेसच्या संशोधन सेवेच्या हिशेबानुसार २००१ पासून २०१४ पर्यंत इराक, अफगाणिस्तान आणि संबंधित मोहिमांसाठी सुमारे १.६ लाख कोटी डॉलर मंजूर झाले. दोन्ही रकमा जवळपास सारख्या आहेत, हे पाहून मला नेहमी थांबावेसे वाटते. कपात झाली नसती तर युद्धांचा रोख खर्च साधारण निघाला असता. जखमी सैनिकांची पुढची अनेक दशकांची शुश्रूषा आणि निवृत्तिवेतन मात्र त्या आकड्यात पूर्ण धरलेले नाही.

युद्धाला किती खर्च येईल हे आधी कुणी सांगितले नव्हते?

सांगितले होते. अध्यक्षांचे आर्थिक सल्लागार लॅरी लिंडसे यांनी सप्टेंबर २००२ मध्ये इराकसाठी १०० ते २०० अब्ज डॉलरचा अंदाज दिला. सरकारातल्या इतरांनी तो फार मोठा असल्याचे सांगत ५० ते ६० अब्जांची भाषा केली. डिसेंबरात लिंडसे यांना जावे लागले. अर्थमंत्री पॉल ओ'नील यांनाही त्याच सुमारास राजीनामा द्यावा लागला. दुसऱ्या करकपातीला त्यांचा विरोध होता. तुटीने काही बिघडत नाही हे माजी अध्यक्ष रेगन यांनी सिद्ध केले आहे, असे चेनी आपल्याला म्हणाले होते, हे ओ'नील यांनीच नंतर सांगितले. लिंडसे यांचा आकडाही शेवटी फार लहान ठरला.

फेब्रुवारी २००३ मध्ये सादर झालेल्या अर्थसंकल्पात इराक युद्धासाठी तरतूदच नव्हती. पैसा पुरवणी मागण्यांतून आला: एप्रिलमध्ये ७८.५ अब्ज, नोव्हेंबरमध्ये ८७.५ अब्ज आणि पुढे वर्षानुवर्षे तसेच. या मागण्या "आणीबाणीच्या" म्हणून मंजूर होत, त्यामुळे खर्चाची नेहमीची मर्यादा त्यांना लागत नसे. पहिल्या वर्षी हे समजण्यासारखे होते. चौथ्या-पाचव्या वर्षी चालू असलेले युद्ध आकस्मिक कसे?

मला या सगळ्या प्रकरणातला कळीचा मुद्दा हाच वाटतो. कर कमी होते म्हणून युद्ध परवडले नाही, असे झाले नाही. कर्ज सहज मिळत होते. पण युद्धाचा खर्च आणि करांचा निर्णय एकाच टेबलावर, एकाच दिवशी, एकाच मतदानात कधी आला नाही. हे युद्ध तुमच्या वर्षाच्या इतक्या डॉलरचे आहे, हवे आहे का, असे कुणाला विचारावे लागले नाही.

कुणी युद्धकर मागितलाच नाही का?

मागितला. ऑक्टोबर २००३ मध्ये ८७ अब्जांची मागणी सिनेटसमोर आली तेव्हा जो बायडन यांनी दुरुस्ती मांडली: सर्वांत श्रीमंतांची करसवलत काही वर्षांपुरती कमी करून ही रक्कम उभी करा. ती बाजूला सारली गेली. २००७ मध्ये प्रतिनिधिगृहातले डेव्हिड ओबी यांनी इराकसाठी प्राप्तिकरावर अधिभार सुचवला. त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या सभापती नॅन्सी पेलोसी यांनी तो उडवून लावला. अफगाणिस्तानसाठी २००९ मध्ये ओबी यांनी पुन्हा तोच प्रयत्न केला, तोही पुढे सरकला नाही. म्हणजे हे एकाच पक्षाचे पाप नव्हे.

सर्वसामान्य लोकांना याची झळ का लागली नाही?

कारण व्याज स्वस्त झाले. हा भाग थोडा विचित्र आहे. सरकारचे निव्वळ व्याज आर्थिक वर्ष २००१ मध्ये २०६ अब्ज डॉलर होते आणि २००३ मध्ये १५३ अब्ज. कर्ज वाढले, व्याज घटले! दर पडले होते आणि जुने महाग रोखे फिटून त्यांच्या जागी नवे स्वस्त रोखे येत होते. शिवाय चीन आणि जपान डॉलरचे रोखे भरभरून घेत होते. २००८ मध्ये चीन जपानला मागे टाकून अमेरिकेचा सर्वांत मोठा परदेशी सावकार झाला. ऋण काढून सण साजरा करणाऱ्याला सावकार दारात उभा दिसला नाही, इतकेच. २००८ पर्यंत व्याज २५३ अब्जांवर गेले होते.

दुसरे कारण सैन्याचे. सक्तीची भरती १९७३ मध्येच बंद झाली होती. त्यामुळे बहुसंख्य घरांतून ना कुणी लढायला गेले, ना जास्तीचा कर गेला.

दुसऱ्या महायुद्धासारखे युद्धरोखे काढले होते का?

डिसेंबर २००१ मध्ये नेहमीच्या बचतरोख्यांवर "देशभक्त रोखे" असा शिक्का मारून विक्री झाली. पैसा सर्वसाधारण तिजोरीत गेला. युद्धासाठी तो वेगळा काढलेला नव्हता.

या सवलती शेवटी संपल्या का?

बहुतेक नाही. २००१ चा कायदा २०१० अखेर आपोआप संपणार होता. डिसेंबर २०१० मध्ये बराक ओबामा यांनी त्याला दोन वर्षांची मुदतवाढ दिली. जानेवारी २०१३ मध्ये बहुतांश सवलती कायमच्या झाल्या. एकट्याचे ४ लाख आणि जोडप्याचे ४.५ लाख डॉलरवरचे उत्पन्न तेवढे पुन्हा ३९.६ टक्क्यांच्या दराखाली आले.

त्यानंतर पुन्हा युद्धकाळात करकपात झाली का?

झाली. डिसेंबर २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याने वरचा दर ३७ टक्के आणि कंपन्यांवरचा कर ३५ वरून २१ टक्के झाला. अफगाणिस्तानात तेव्हाही अमेरिकेचे हजारो सैनिक होते आणि ऑगस्ट २०२१ पर्यंत राहिले. वॉशिंग्टनमध्ये त्या वेळी वाढ, गुंतवणूक आणि तुटीवर पुष्कळ वाद झाले. देश सोळा वर्षे युद्धात आहे आणि आपण कर कमी करतो आहोत, हा मुद्दा त्या वादात जवळपास नव्हताच.